गप्प पिल्लं

बस पुलाच्या उतारावर आली आणि एका पांढऱ्या गाडीने मधेच तोंड खुपसलं. ड्रायव्हरने करकचून ब्रेक मारला, उभी असलेली माणसं एकमेकांवर आदळली, कुणाच्या तरी पिशवीतली संत्री सीटखाली गडगडत गेली. मागचा एक जाडा माणूस खिडकीतून अर्धा बाहेर वाकून ओरडला, "ए न्हाव्या! डोळे घरी ठेवून आलास काय रे?" सगळी बस हसली. रिओ शहरात गाडी वेडीवाकडी हाकणाऱ्याला न्हावीच म्हणतात, त्यात नवल काही नाही. झेनाइदे मात्र हसली नाही. तिचा हात आपसूक बाहीवर गेला. तिने बाही झटकली, मग कॉलर झटकली, मग मानेमागचे केस बोटांनी चाचपले, आणि शेजारची बाई आपल्याकडे बघते आहे हे लक्षात आल्यावर हात मांडीवर ठेवून शहाण्यासारखी बाहेर बघत बसली. छातीत काहीतरी एक ठोका चुकलं, थांबलं आणि मग घाईघाईने पुढे पळालं. कॉफी जास्त होते, तिने स्वतःला सांगितलं. हे ती स्वतःला बरीच वर्षं सांगत आली होती, आणि कॉफी काही कमी केली नव्हती.

तिच्या गावाकडे न्हावी म्हणजे दुसराच. बोटाच्या पेराएवढा, चपट्या पाठीचा, निमुळत्या डोक्याचा किडा. कुडाच्या भिंतीला मातीचं लिंपण, लिंपणाला भेगा, आणि भेगेत हे. दिवा मालवला की उतरायचे आणि झोपलेल्या माणसाच्या गालाला, ओठाच्या कडेला, डोळ्याच्या खाली तोंड लावायचे. चेहऱ्याशी काम, म्हणून न्हावी. आणि काम इतकं हलक्या हाताचं की गिऱ्हाईक जागं होत नसे. चावण्याने फारसं काही होत नाही. रक्त पिऊन टम्म झाला की तो तिथेच घाण करतो, माणूस झोपेत गाल खाजवतो, आणि त्या घाणीतला जंतू रक्तात शिरतो. मग वीस वर्षं, तीस वर्षं काहीच नाही. हे सगळं झेनाइदेला कुणी सांगायला नको होतं. खाडीतल्या बेटावरच्या विद्यापीठात त्या न्हाव्यांवरच तिची डॉक्टरेट झाली होती, प्रयोगशाळेतल्या काचेच्या बरण्यांमध्ये त्यांच्या पिढ्यान्‌पिढ्या तिने वाढवल्या होत्या, सशाच्या रक्तावर पोसलेले, निर्मळ, एकाच्याही पोटात जंतू नसलेले न्हावी. चिमट्याने नव्हे, दोन बोटांनी उचलायची ती त्यांना. बरणीत हात घालताना तिचा हात कधी कापला नव्हता. आणि बसमध्ये कुणीतरी कुणाला तरी शिवी दिली तर बाही झटकत बसली. काय म्हणावं या बाईला!

प्रयोगशाळेत पाऊल टाकलं तोच कास्सियानो खुर्चीसकट गरकन वळला. हा तिशीतला पोरगेला माणूस, तिच्या हाताखाली डॉक्टरेट करून तिच्याच शेजारच्या टेबलावर स्थिरावलेला; काम चोख, तिला आदराने 'दोना', म्हणजे बाई, म्हणायचा, पण तोंडाला कुलूप नाही. "दोना झेना, पर्स नंतर ठेवा, आधी इथे डोळा लावा. कॉफी माझ्याकडून. नुसती कॉफी नाही, केक!" तिने सूक्ष्मदर्शकाला डोळा लावला. काचेवर एका पिल्लाच्या लाळेच्या दोन ग्रंथी मांडलेल्या होत्या. एरवी त्या चेरीसारख्या लालचुटुक असतात, इतक्या की नवख्या विद्यार्थ्यांना सापडायला मुळीच वेळ लागत नाही. या फिक्या होत्या. पाण्यात भिजवून ठेवलेल्या तांदळासारख्या पांढुरक्या. "कुठल्या बरणीतलं?" तिने विचारलं, आवाज जमेल तितका कोरडा ठेवून. "तुमच्या बरणीतलं! गप्प आयांच्या. या पिल्लाला कुणी हात लावलेला नाही, सुई दाखवलेली नाही, अंड्यातून निघालं तेच असं. मी आणखी उघडून बघितली, सगळी फिकी. आईला टोचलं आणि पिल्लं गप्प! दोना झेना, आईला टोचलं आणि पिल्लं गप्प!" तो हे गाण्यासारखं म्हणत होता आणि टेबलावर बोटांनी ताल धरत होता.

गप्प हा त्यांच्या कामातला शब्द. जनुकाला मारायचं नाही, कापायचं नाही, हातही लावायचा नाही. ते आपल्या जागी शाबूत असतं आणि नेहमीप्रमाणे बोलतही असतं, अमुक बनवा, तमुक बनवा, असा निरोप पाठवत असतं. फक्त त्या निरोपाची हुबेहूब दुपदरी नक्कल बनवून किड्याच्या अंगात सोडायची. मग किड्याच्या पेशीच त्या नकलेवर डाफरतात, परकं कोण आलं म्हणून, आणि नकलेसोबत खऱ्या निरोपाचेही तुकडे करून टाकतात. बोलणारा बोलतोय, ऐकणारा वाट बघतोय, आणि मधल्या मधे निरोप फाटतो. शाळांच्या सहली प्रयोगशाळा बघायला यायच्या तेव्हा झेनाइदे हे असंच समजावून सांगायची आणि मुलांना ते पटकन कळायचं; आई हाक मारते आणि आपल्याला ऐकूच येत नाही, तसं का, असं एकदा एका मुलीने विचारलं होतं. त्यांच्या टेबलावर दोनच जातीच्या बरण्या असत. नुसतं निरुपद्रवी काहीतरी टोचलेल्या त्या बोलक्या, आणि खरी नक्कल टोचलेल्या त्या गप्प. या वेळी लाळेतला तो पदार्थ गप्प करायचा होता ज्याच्यामुळे रक्त पिताना गोठत नाही. तो नसला की किडा सोंड खुपसून बसतो, ओढतो, पुन्हा खुपसतो, आणि अर्धपोटी उठतो. अर्धपोटी मादी अंडी फारशी घालत नाही. पुढे कधीतरी न्हाव्यांच्या पोटातल्या साध्या, रोग न करणाऱ्या जंतूंकडूनच ही नक्कल गावोगावी पोचवायची, फवारा नको, विष नको, भिंतीतल्या भिंतीत घराणंच आटत जाईल, असं विभागप्रमुख एर्मीनियाबाई सभांमधून सांगायच्या. त्याला वेळ होता. पण आईला टोचलेलं पिल्लात उतरतं हे आज समोर दिसत होतं, आणि ही गोष्ट तिने दोन वर्षं उराशी धरली होती. तिला आनंद व्हायला हवा होता. झालाही असेल. तिने कास्सियानोच्या पाठीवर थाप मारली, "शाबास, पण अजून उघडून बघ, दोन-चार पिल्लांवर नाचू नकोस," असं म्हणाली, आणि हात धुवायला गेली. हात स्वच्छ होते तरी बराच वेळ धूत राहिली.

नळाखाली मनगटं धरून ती उभी असताना फोन वाजला. माईराचा. माईरा तिची एकुलती मुलगी, खाडीपलीकडच्या नितेरॉयला राहायची, शाळेत चित्रकला शिकवायची, आणि तिला पाचवा महिना लागला होता. "आई, एक विचारायचं होतं. आजी कशाने गेली गं?" नळ चालूच होता. झेनाइदे म्हणाली, "काळजाने. तुला माहीत नाही का? काळीज मोठं झालं होतं तिचं." "ते माहितीय. पण कशाने मोठं झालं?" "वयाने." "आई, सत्तेचाळीसाव्या वर्षी?" "कामाने मग! दुसऱ्यांचे कपडे धुऊन धुऊन. आणि तुला आज हे काय सुचलं?" मग माईरा म्हणाली, "इथे डॉक्टर विचारत होत्या. घरात कुणाला काय काय होतं ते." "साखर नाही म्हणावं. दाब नाही. माझी पिल्लं उघडी पडलीत, ठेवते गं." "बरं. उद्या जेवायला येतेस ना?" "येते." "नक्की?" "अगं येते म्हटलं ना!" तिने नळ बंद केला. आरशात एक चौपन्न वर्षांची बाई दिसत होती, केस नीट बांधलेले, पांढऱ्या कोटाच्या खिशाला पेन. या वयापर्यंत आपली आई पोचली नव्हती, हे तिला अगदी आत्ता, त्या आरशासमोर, नव्याने कळल्यासारखं झालं.

काळीज मोठं होणं. गावात असंच म्हणायचे. नदीवरून येताना कुणी पडला, शेतात कुणी बसल्या जागी गेला, की त्याचं काळीज मोठं झालं होतं. डॉक्टरच्या चित्रात ते खरोखरच मोठं दिसतं, सैल पडलेल्या पोत्यासारखं, छातीभर पसरलेलं. माईरा चार-पाच वर्षांची असताना तिने विचारलं होतं, आजी कुठेय, आणि झेनाइदेने सांगितलं होतं, आजीचं काळीज फार मोठं होतं. खोटं काही नव्हतं त्यात. पण पोरीने ते वेगळ्याच अर्थाने घेतलं, शाळेत निबंध लिहिला, माझी आजी मोठ्या काळजाची होती, ती सगळ्यांना सगळं देऊन टाकायची. शिक्षिकेने तो वर्गात वाचून दाखवला. झेनाइदेने तो निबंध ऐकला, पोरीचा मुका घेतला आणि दुरुस्त केलं नाही. निबंध सुंदरच होता. आणि एफिजेनिया, तिची आई, सगळ्यांना सगळं देणारी वगैरे मुळीच नव्हती. चार पोरं आणि नवरा परागंदा, ती साबणाची वडीसुद्धा दोऱ्याने मापून कापायची. तिचं जाणं अगदी साधं. नदीवरून धुण्याचं गाठोडं घेऊन आली, गाठोडं खाली ठेवलं, "जरा बसते" म्हणाली आणि उंबरठ्यावर बसली. पंधरा वर्षांची झेनाइदे अंगण झाडत होती. आई दमली असेल असं वाटून तिने आईच्या पायांभोवतीने झाडलं, पाय उचल असंही म्हणाली नाही. सगळं अंगण झाडून झाल्यावर वळून बघितलं. त्या झाडण्याचा आवाज अजून कधीकधी ऐकू येतो तिला, उगाचच, मोठ्या दुकानात रांगेत उभी असताना किंवा दात घासताना.

त्याच्याही आधी फवारणीवाले आले होते. खाकी कपडे, पाठीवर पंप. भिंतींवर, छपराच्या गवतावर पांढरं विष मारून गेले आणि तासाभरात छपरातून न्हावी पडायला लागले, पटपट, भातावर, पाळण्यात, आईच्या केसांत. एवढे आपल्या डोक्यावर राहत होते हे कुणालाच ठाऊक नव्हतं. गावचे काळे आणि मोठे. प्रयोगशाळेतले त्यांचे चुलतभाऊ. आईने ते सुपात भरून चुलीत टाकले. लहान झेनाइदेने एक काडेपेटीत लपवून ठेवला होता, त्याचे पाय मोजायला. पुढे लोक विचारायचे, तुम्ही या विषयाकडे कशा वळलात, तेव्हा ती काडेपेटीची गोष्ट सांगायची आणि ऐकणारे खूश व्हायचे. तेवढीच सांगायची. बास्तियांव मामाची गोष्ट तिने कुणाला सांगितली नाही. मामा गावचा सगळ्यात तगडा गडी, दूर साव पावलू शहरात कारखान्यात कामाला लागायला गेला, तिथे नोकरीआधी रक्त तपासलं, आणि दुसऱ्या दिवशी फाटकातून परत. तेव्हा असंच होतं. रक्तात न्हाव्याचा जंतू निघाला की कुणी कामावर घेत नसे, आज ना उद्या मरणाऱ्याला कोण पगार देणार! मामा घरी आला, नंतर तीस वर्षं जगला, पण पुन्हा गावाबाहेर पडला नाही. मामा परत आला तेव्हाच आईने चारही पोरांना ओळीने उभं करून सांगितलं होतं, "कुणी विचारलं तरी रक्त द्यायचं नाही. रक्ताला बोलायला लावायचं नाही. कळलं?" चौघांनी माना डोलावल्या. एफिजेनियाबाईंनी दुसरं कुठलंच शिक्षण मुलांना दिलं नाही, पण हे एक दिलं ते पक्कं बसलं.

इतकं पक्कं, की ज्या खोलीत त्या जंतूची चित्रं भिंतीवर लावलेली होती त्या खोलीत बसूनही झेनाइदेने आपलं रक्त दिलं नाही. नोकरीवर रुजू होताना विचारलं होतं, तेव्हा ती म्हणाली, मागेच बेलो ओरिझोंचीला केली तपासणी, काही नाही. दरवर्षी विचारायचे, दरवर्षी म्हणायची, झाली आहे. जी बाई न्हाव्यांवर पोरांना शिकवते तिच्यावर कोण अविश्वास दाखवणार? कायदा केव्हाच बदलला होता, असल्या कारणाने आता कुणाला हाकलत नव्हते, औषधं फुकट होती, हे सगळं ती स्वतःच लोकांना सांगायची. मनात एक दुसरीच झेनाइदे होती, ती ओळीत उभी होती आणि मान डोलावत होती. पण या सगळ्याहून वाईट गोष्ट वेगळी होती आणि दिवसभर ती तिच्याभोवती घोटाळत राहिली, टाळली तरी परत येत राहिली. माईराच्या वेळी प्रसूतिगृहातल्या नर्सने विचारलं होतं, कुठल्या तुम्ही? साधा प्रश्न. झेनाइदे म्हणाली, इथलीच. एवढंच. मिनास प्रांताच्या उत्तरेकडची, असं म्हणाली असती तर न्हाव्यांचा मुलूख म्हणून कदाचित रक्त घेतलं असतं. जंतू आईकडून पोटातल्या मुलात उतरू शकतो, सगळ्यांच्या नाही, शंभरात थोड्यांच्या, आणि तान्ह्या बाळाला औषध दिलं तर बाळ जवळजवळ नक्की बरं होतं. नंतर ते तितकं सोपं राहत नाही. आता माईराच्या पोटात कुणीतरी होतं. झेनाइदेला आहे की नाही तेच झेनाइदेला माहीत नव्हतं. असेल तर माईराला असेल. माईराला असेल तर. इथे येऊन ती दर वेळी थांबायची आणि टेबलावरचं काहीतरी उचलून दुसरीकडे ठेवायची. संध्याकाळपर्यंत टेबलावरची एकही वस्तू जागेवर राहिली नाही. कास्सियानोने केक आणला, गाजराचा, वर चॉकलेट. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. "आईला टोचलं आणि," कास्सियानोने सुरू केलं आणि बाकीच्यांनी पूर्ण केलं, "पिल्लं गप्प!" झेनाइदे म्हणाली, "पुरे झालं रे आता!" आणि ते इतक्या जोरात म्हणाली की कास्सियानोची ताल धरणारी बोटं थांबली. मग तिनेच हसून केक कापला.

शनिवारी ती बोटीने निघाली. पूल होता, बस होती, पण बोटीत उभं राहता येतं आणि चालता येतं. ती या टोकापासून त्या टोकापर्यंत गेली, परत आली, पुन्हा गेली. बाकावरच्या एका म्हाताऱ्याने पाय आखडून घेत म्हटलं, "बाई, तुम्ही चालत निघाला असतात तर आधी पोचला असतात." ती हसली आणि कठड्याशी उभी राहिली. खाडीचं पाणी गढूळ, त्यावर तेलाची साय. कसं सांगायचं याची वाक्यं ती मनात जुळवत होती. माईरा, घाबरू नकोस, पण. हे नको, घाबरू नकोस म्हटलं की माणूस आधी घाबरतो. माईरा, एक साधी तपासणी आहे. साधी आहे तर आई बोटीतून आली कशाला, फोनवर का नाही सांगितली? माईरा, शास्त्र असं सांगतं की. शास्त्र काय सांगतं ते सांगण्यात तिचा हातखंडा होता. पण ही मुलगी पुढचा प्रश्न विचारणार होती, आणि तो शास्त्राचा नसणार होता. तू इतकी वर्षं काय करत होतीस? या प्रश्नावर वाक्य जुळत नव्हतं. आपण बोलायला तोंड उघडू, शब्द निघतीलही, आणि मधल्या मधेच त्यांचे तुकडे होतील, पलीकडे पोचेल ते पुन्हा काळजाने, वयाने, कामाने असलंच काहीतरी, अशी तिला भीती वाटली. परत फिरावं, अंगात कणकण आहे म्हणून फोन करावा, असंही वाटून गेलं. बोट धक्क्याला लागली, माणसांनी ढकललं, आणि ती खाली उतरली. चढणीच्या रस्त्यावर दोनदा थांबून तिने दुकानांच्या काचांमधल्या वस्तू उगाचच बघितल्या. धाप लागली की ती असंच करायची, म्हणजे कुणाला कळत नाही.

दार माईरानेच उघडलं. वेंडेल, तिचा नवरा, शनिवारच्या फुटबॉलला गेला होता, तो तीनपर्यंत काही यायचा नव्हता. घरात भिजलेल्या कोथिंबिरीचा आणि लसणाचा वास होता, शेगडीवर काळा घेवडा रटरटत होता, आणि भिंतीवर माईराच्या शाळेतल्या पोरांनी काढलेले मासे लटकत होते. "किती घाम आलाय तुला! बस आधी." "नाही गं, उभी राहते. दे, मी कोबी चिरते." "बस म्हटलं ना!" झेनाइदे बसली नाही. तिने सुरी घेतली, कोबीची पानं गुंडाळली आणि बारीक चिरायला लागली, तिच्या हाताला शोभेल अशी, सुतासारखी. माईरा पाठमोरी उभी राहून भाताला फोडणी देत होती. तिचं पोट बाजूने दिसत होतं, फुलाफुलांच्या झग्याखाली नुकतं गोल झालेलं. झेनाइदेने बोटीतलं एकही वाक्य वापरलं नाही. ती म्हणाली, "आजीचं काळीज वयाने मोठं झालं नव्हतं."

माईरा भात ढवळत राहिली. मागे वळली नाही.

"कामानेही नाही. न्हाव्याने झालं. आमच्या घराच्या छपरात होते ते, खूप होते, लहानपणी आम्ही त्यांच्याखालीच झोपायचो. माझ्या मामाला निघालं, आजीच्या भावाला. मला असणारच जवळजवळ. मी कधी तपासलं नाही. सगळ्यांना सांगते तपासलं म्हणून, पण नाही तपासलं. तू झालीस तेव्हा त्यांनी विचारलं कुठल्या, मी म्हटलं इथली." सुरी अजून कोबीवर चालतच होती, म्हणून तिने ती ठेवून दिली. "ते आईकडून पोटातल्या मुलात उतरतं. तुझ्यात उतरलं असेल. तुझ्याकडून बाळात. सोमवारी जाऊन रक्त दे तू. मी येते बरोबर. मला काय बोलायचं ते नंतर बोल."

माईराने गॅस बंद केला. मग दुसरा, घेवड्याखालचा, तोही बंद केला. झग्याला हात पुसत वळली. तिचा चेहरा रागावलेला नव्हता.

"आई, मला आहे," माईरा म्हणाली. "म्हणजे होतं. कॉलेजात असताना आम्ही सगळ्यांनी रक्तदान केलं होतं, आठवतं? टी-शर्ट मिळाला म्हणून मी किती नाचले होते. महिन्याभराने रक्तपेढीने बोलावलं. मला वाटलं, आणखी एक टी-शर्ट देतायत."

झेनाइदेने टेबलाची कड धरली.

"औषध घेतलं मी. दोन महिने. मग अंगभर पुरळ आलं, तुला म्हटलं कोळंबी बाधली. तू मला कॅमोमाइलच्या फुलांच्या पाण्याने आंघोळ घातलीस आणि वर ओरडलीस, रस्त्यावरचं खाऊ नकोस म्हणून." ती जराशी हसली. "बाळाची काळजी करू नकोस. आधीच औषध झालंय, आता उतरण्याची भीती जवळजवळ नाही म्हणतात. जन्मल्यावर त्याचंही रक्त बघतील. सगळं बोलून झालंय डॉक्टरांशी."

"अगं, मग मला का नाही सांगितलंस?" झेनाइदेला स्वतःचा आवाज चिरका वाटला. राग येत होता तिला, खरंच राग, आणि तो कुणावर काढावा ते समजत नव्हतं. "एकटीने हे सगळं, त्या गोळ्या, ते पुरळ, मी शेजारच्या खोलीत, मी! जगात कुणाला ठाऊक असेल तर मला!"

"म्हणूनच तर," माईरा म्हणाली. "डॉक्टरांनी विचारलं, तू तर रिओतच वाढलीस, पंधराव्या मजल्यावर, हे कुठून आलं तुला? आईला विचार म्हणाले. मला वाटलं, तुला तर माहीतच असणार. दिवसभर त्यांच्यातच तर असतेस तू. माहीत असून सांगत नाहीये म्हणजे आपल्या घरात हे बोलायचं नसतं." तिने खांदे उडवले, लहान असताना उडवायची तसे. "मग मीही नाही बोलले. वेंडेललाही लग्नानंतर वर्षभराने सांगितलं, आणि तेव्हाही असं वाटत होतं की चोरी करतेय."

बाहेर कुणाच्या तरी घरात रेडिओवर मॅच सुरू झाली होती. झेनाइदे मनात वर्षं मोजत होती. सहा वर्षं. सहा वर्षं या मुलीला ठाऊक होतं की आईच्या रक्तात काय आहे. लग्नाच्या दिवशी ठाऊक होतं, आईने नाचताना मधेच बसकण मारली तेव्हा ठाऊक होतं, लिफ्ट बंद पडल्यावर आई जिन्यात मजल्यामजल्यावर थांबून शेजाऱ्यांच्या कुंड्या बघायची तेव्हाही. आणि ती दर रविवारी फोन करायची, न चुकता, आणि पहिलं वाक्य एकच असायचं, कशी आहेस आई? झेनाइदे म्हणायची, मस्त! आणि मग प्रयोगशाळेतल्या गमती सांगत सुटायची. पोरगी ऐकून घ्यायची. झेनाइदेला वाटायचं, बोलायला हिच्याकडे काही नसतं.

माईराने खुर्ची ओढली, आईला खांद्याला धरून तिच्यावर बसवलं आणि स्वतः समोर, जमिनीवर, पोट सांभाळत बसली. झेनाइदे म्हणाली, "अगं, खाली नको बसूस," पण ती बसलीच. तिने आईचे दोन्ही हात हातात घेतले. त्यांना कोबीचा वास येत होता.

"सोमवारी मी येणार तुझ्याबरोबर," माईरा म्हणाली. "तू माझ्याबरोबर नाही, मी तुझ्याबरोबर. रक्त द्यायचं, छातीचा आलेख काढायचा, सगळं."

"सोमवारी मला त्या पिल्लांचं,"

"आई!"

झेनाइदे गप्प झाली. मग माईराने मान वर करून विचारलं, रविवारी विचारायची त्याच आवाजात, "कशी आहेस आई?"

मस्त हा शब्द ओठांवर आला होता. झेनाइदेने तो गिळला. "मला भीती वाटते गं," ती म्हणाली. "जिना चढताना मला खूप भीती वाटते."